प्रयोगशाळेतील उंदीर, मेंदूज्वर आणि आपली औषधपत्रके

पावसाळा तोंडावर आला की आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत 'मेंदूज्वरावर गुणकारी' अशा औषधांची पत्रके येऊ लागतात. २०२४ साली गुजरातमध्ये चंडीपुरा विषाणूची मोठी साथ आली, तेव्हापासून त्यांची संख्या वाढली असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. अशाच एका पत्रकात, ज्याच्या निर्मात्याचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही, 'प्राण्यांवरील प्रयोगांत सिद्ध' हे तीन शब्द ठळक अक्षरांत छापलेले होते. कोणता प्राणी, त्याचे वय काय, कोणता विषाणू, तो कोणत्या मार्गाने शरीरात घातला आणि औषध किती तासांनी दिले, यांपैकी एकाही गोष्टीचा त्यात उल्लेख नव्हता. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'केवळ वैद्यांसाठी' असे छापले होते. पत्रक मात्र दुकानाच्या दर्शनी भागी, गिऱ्हाइकाला दिसेल असे टांगलेले होते. त्या तीन शब्दांविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे. कारण प्राण्यांवरील प्रयोगांतून मेंदूज्वराविषयी पुष्कळ काही खरोखरच कळलेले आहे, आणि जे कळले आहे ते या पत्रकांच्या नेमके विरुद्ध जाते.

चंडीपुरा हा विषाणू आपल्या विदर्भाचाच. १९६५ साली नागपूर परिसरात तापाची साथ आली असता दोन रुग्णांच्या रक्तातून तो प्रथम वेगळा करण्यात आला आणि जेथे तो सापडला त्या चंडीपुरा भागाचे नाव त्यास मिळाले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट्ट व रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हे केंद्र १९५२ साली स्थापन झाले होते. पुढे १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. काही वर्षांतच औरंगाबाद येथे, म्हणजे आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, हाच विषाणू वाळूमाशीमध्ये सापडल्याचे १९७० साली प्रसिद्ध झाले. तरीही दीर्घ काळ त्याकडे एक साधा ताप आणणारा विषाणू म्हणूनच पाहिले गेले. २००३ च्या उन्हाळ्याअखेर व पावसाळ्यात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ बालके आजारी पडली, त्यांतील १८३ दगावली, आणि तेव्हा कोठे या विषाणूचे खरे रूप सर्वांसमोर आले. २००७ साली नागपूर विभागात ७८ रुग्णांची नोंद झाली व ३४ मृत्यू झाले. २०२४ च्या जून ते मध्य ऑगस्ट या काळात देशात तीव्र मेंदूज्वरसदृश आजाराच्या २४५ रुग्णांची व ८२ मृत्यूंची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने केली. त्यांतील ६४ जणांमध्ये चंडीपुरा विषाणू निश्चित झाला व त्यांपैकी बहुसंख्य गुजरातचे होते.

आता उंदराकडे वळू. या विषाणूची परीक्षा प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांवर झाली, आणि आरंभीच एक विलक्षण गोष्ट दिसून आली. दूध पिणाऱ्या पिल्लांना विषाणू कोणत्याही मार्गाने दिला, त्वचेखाली, उदरात वा मेंदूत, तरी पिल्ले मरतात. प्रौढ उंदीर मात्र मेंदूत थेट टोचल्यासच मरतो. त्वचेखाली वा उदरात टोचल्यास तो बहुधा तगून जातो. विषाणू तोच, प्राण्याची जातही तीच. भेद केवळ वयाचा. जो विषाणू मोठ्या माणसास चार दिवसांचा ताप देऊन सोडतो तोच लहान बालकाचा बळी घेतो, या आपल्या प्रत्यक्षातील अनुभवाशी हे निरीक्षण जुळते. आपल्याकडे वयोभेदाने बल पाहण्याची शिकवण आहेच. पण पत्रक वाचताना हाच मुद्दा विसरला जातो. एखादे औषध 'उंदीर वाचले' असे म्हणत असेल, तर पहिला प्रश्न हा की ते उंदीर किती दिवसांचे होते? प्रौढ उंदीर तर पुष्कळदा औषधावाचूनही वाचतो.

आजारी पडलेल्या पिल्लाची अवस्था पाहणाऱ्यास सहज ओळखता येते. ते आईपासून दूर पडते, दूध सोडते, अंगावरील केस विस्कटतात, पाठीस कुबड येते, वजन घटते. मग मागचे पाय लुळे पडतात, झटके येतात आणि मृत्यू येतो. हा सारा क्रम अवघ्या तीन-चार दिवसांत आटोपतो. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूने बाधित उंदरांतही चित्र असेच असते. तेथे अवधी थोडा अधिक असतो, इतकाच काय तो फरक.

मेंदूमध्ये काय घडते, याचा उलगडा गेल्या दोन दशकांत हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात व अन्यत्र झालेल्या कामाने बराच झाला आहे. आम्हांस ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. विषाणू चेतापेशीत शिरतो, वाढतो आणि ती पेशी मरते, इतके तर अपेक्षितच होते. चंडीपुरा विषाणूने बाधित चेतापेशी स्वतःच्याच विनाशाची यंत्रणा सुरू करते, असे २०१३ साली दाखविले गेले. परंतु हानी तेवढ्यावर थांबत नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्यांस मेंदूचे रखवालदार म्हणता येईल. विषाणूची चाहूल लागताच या पेशी चवताळतात व दाह उत्पन्न करणारी द्रव्ये मोठ्या प्रमाणात सोडतात. त्या द्रव्यांनी विषाणू मरो वा न मरो, शेजारच्या निरोगी चेतापेशी मात्र मरू लागतात. म्हणजे आग लावणारा एक आणि ती विझविण्याच्या भरात घर पाडणारे दुसरे, असा हा प्रकार आहे.

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो रक्षक पडदा असतो त्याविषयीही उंदरांनी एक गैरसमज दूर केला. पडदा फाटतो म्हणून विषाणू आत जातो, असे पूर्वी मानले जाई. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवरील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात क्रम उलटा आढळला: विषाणू आधी मेंदूत पोहोचतो, तेथे दाह सुरू होतो, आणि त्या दाहाने पडदा सैल पडतो. मग रक्तातील पेशी व द्रव आत शिरतात, मेंदूस सूज येते, आणि कवटीच्या बंद पेटीत सुजेला जागा नसल्याने दाब वाढत जातो. बालकाची शुद्ध हरपते, शरीर ताठ होते, श्वासाची लय बिघडते, ती या अवस्थेत. २००३ च्या साथीतील बालके रुग्णालयात आल्यापासून काही तास ते ४८ तास एवढ्याच अवधीत गेली, यामागील कारण समजून घेण्यास हे प्रयोग साहाय्यभूत ठरतात. त्या साथीचे वर्णन काही बालरोगतज्ज्ञांनी 'मेंदूवरील आघाताची साथ' असे केले होते, ते उगीच नव्हे.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मूषिककल्प नावाचा अध्याय आहे. त्यात अठरा प्रकारच्या मूषकांचे व त्यांच्या विषाचे वर्णन आहे, आणि त्याच अध्यायात पुढे अलर्कविषाचे, म्हणजे पिसाळलेल्या श्वानशृगालादिकांच्या विषाचे विवेचन येते. जलत्रास उत्पन्न झालेला रुग्ण वाचत नाही, असे आचार्यांनी तेथे निःसंदिग्धपणे नोंदवून ठेवले आहे. योगायोग असा, की चंडीपुरा विषाणू हा रेबीजच्या विषाणूच्याच कुळातला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. आचार्यांना चंडीपुरा ठाऊक होता असा दावा आम्ही मुळीच करीत नाही. असे दावे करण्याची जी खोड आपल्या व्यासपीठांवर वाढली आहे, ती आम्हांस मान्य नाही. आम्हांस आदर वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा: असाध्य त्यास असाध्य म्हणण्याचे धैर्य त्या अध्यायात आहे. पत्रक लिहिणाऱ्यांकडे ते आढळत नाही.

प्राण्यांवरील प्रयोग आपल्या शास्त्राला परका आहे, असे म्हणून काही वैद्यबंधू हा सारा विषय बाजूस सारतात. त्यांच्याशीही आमचा मतभेद आहे. चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी परीक्षेची चार साधने सांगितली. उंदरावरील प्रयोग हे उंदरापुरते प्रत्यक्ष आणि बालकापुरते अनुमान होय. अनुमान हे प्रमाणच आहे. पण त्याचा हेतू सदोष असेल तर ते हेत्वाभासात जाते. धूर दिसला म्हणून अग्नी मानणे निराळे, आणि धुके दिसले म्हणून चूल पेटली असे सांगत सुटणे निराळे.

याचे उदाहरण आपल्या घरचेच घेऊ. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य जपानी मेंदूज्वराच्या विषाणूने बाधित पेशींना मरणापासून वाचविते व नवीन विषाणू तयार होण्यास अटकाव करते, असे मानेसरच्याच केंद्रातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केले. बातमी आनंदाची होती. परंतु ते काम काचेच्या भांड्यात वाढविलेल्या चेतापेशींवरचे होते. त्यात उंदीरही नव्हता, मग बालकाची गोष्ट दूरच. तोंडावाटे घेतलेल्या हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून रक्तात अत्यल्प प्रमाणात जाते, हे औषधनिर्मात्यांस आम्ही सांगावयास नको. शोषण वाढविण्यासाठी त्यात पिंपळी-मिरीतील पायपेरीन घालण्याचा खटाटोप ते स्वतःच करतात. भांड्यातील पेशींना जी मात्रा मिळते ती मेंदूतील पेशींना मिळेल, असे मानण्यास कोणता आधार आहे?

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. मिनोसायक्लिन हे जुने, स्वस्त प्रतिजैविक. त्याने मायक्रोग्लियांचा प्रकोप शमतो व जपानी मेंदूज्वराने बाधित उंदीर वाचतात, असे त्याच केंद्रातील प्रयोगांत २००८ साली दिसले. येथवर पत्रकवाल्यांच्या भाषेत ते औषध 'सिद्ध' झाले होते. संशोधक मात्र तेथे थांबले नाहीत. लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठात मेंदूज्वराच्या रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी घेण्यात आली. काहींना औषध, काहींना औषधासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य, आणि कोणास काय दिले हे तपासणाऱ्यासही ठाऊक नाही, अशी पद्धत. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या प्रमाणात आढळलेला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. पहिला दिवस पार केलेल्या रुग्णांत काही लाभाची शक्यता तेवढी दिसली. उंदराला विषाणू केव्हा दिला हे संशोधकाला घड्याळ पाहून ठाऊक असते आणि औषध वेळेवर सुरू करता येते. बालक रुग्णालयाच्या दारात येते तेव्हा मेंदूतील आग कधीच पसरलेली असते. मूषक आणि बालक यांच्यामधील अंतर मोजण्याचे प्रामाणिक काम ज्यांनी केले, त्यांच्या औषधाला यश आले नाही तरी त्यांची नावे आदराने घ्यावीत, असे आमचे मत आहे. आपल्या कोणत्या औषधनिर्मात्याने मेंदूज्वराच्या बाबतीत इतकी वाटचाल केली आहे?

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे आणि ज्या व्याधींवर औषध असल्याची जाहिरात करण्यास मनाई आहे त्यांच्या अनुसूचीत मेंदूचे विकार समाविष्ट आहेत. 'केवळ वैद्यांसाठी' असे छापून पत्रक दुकानात टांगणे हा त्यातून काढलेला चोरमार्ग आहे. दुकानदार बंधूंनी तो ओळखून असे पत्रक परत करावे.

परंतु कायद्याहून मोठी गोष्ट वेळेची आहे. घाटाखाली जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी जी गावे आहेत, तेथे तापलेल्या लेकराला घेऊन माय प्रथम आपल्यापैकीच कोणाच्या तरी दारात येते. घाटावर लोणार-मेहकरच्या आडगावांतही तीच स्थिती. अचानक आलेला तीव्र ताप, उलट्या, झटका, बालक ओळख देत नाही वा सारखे झोपाळते, ही लक्षणे जेथे एकत्र दिसतील तेथे आपला प्रत्येक उपचार म्हणजे घालविलेला वेळ आहे, हे स्पष्ट शब्दांत लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. शुद्ध हरपलेल्या बालकाच्या मुखात काढा, मात्रा, अवलेह वा साधे पाणीही घालू नये; ते श्वासनलिकेत उतरते. नस्यही देऊ नये. बालकास कुशीवर निजवावे, कपडे सैल करावेत, कोमट पाण्याने अंग पुसावे, साधन असेल तर रक्तातील साखर तपासावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खामगाव, बुलडाणा वा अकोला, जे जवळ असेल तेथे आधी दूरध्वनी करून पाठवावे. चंडीपुरावर अद्याप विशिष्ट औषध नाही, लसही नाही, हे खरे. तरीही झटके थांबविणे, मेंदूचा दाब उतरविणे, प्राणवायू व साखर राखणे याने बालके वाचतात. आणि ते आपल्या चिकित्सालयात होणे शक्य नाही. पाठविताना ताप केव्हा आला, पहिला झटका केव्हा आला आणि आपण काय दिले, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. चिठ्ठी देण्यात कमीपणा वाटणारे वैद्य आम्ही पाहिले आहेत. त्यांनी साध्यासाध्यविचार पुन्हा एकदा वाचावा.

मग या व्याधीत आयुर्वेदाचे स्थान काय, असे विचारले जाईल. याचे उत्तरही उंदरांकडे थोडेसे आहे. जपानी मेंदूज्वराचा विषाणू मेंदूतील नवीन चेतापेशी निर्माण करणाऱ्या मूळ पेशींनाच बाधतो व त्यांची वाढ खुंटवितो, असे २००८ साली उंदरांच्या पिल्लांत दिसून आले. या व्याधीतून वाचलेल्या अनेक बालकांच्या बुद्धीत, वाणीत वा हातापायांत वैगुण्य का राहते, याचे एक कारण त्यात असावे. अशा बालकाला रुग्णालयातून घरी पाठविल्यावर पुढची कित्येक वर्षे त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. अभ्यंग, स्वेदन, बस्ती आणि मेध्य रसायने यांचा उपयोग व्यायामोपचाराच्या जोडीने, बालरोगतज्ज्ञाच्या माहितीने, नीट नोंदी ठेवून करून पाहण्यास येथे मोठा वाव आहे. निष्कर्ष अनुकूल येवोत वा प्रतिकूल, तो लिहिला गेला पाहिजे. ज्या औषधनिर्मात्यांना मेंदूज्वराच्या नावाने काही करण्याची हौस आहे, त्यांनी पत्रकांवरील खर्च या नोंदींकडे वळवावा.

प्रतिबंधाच्या बाबतीतही आपले बोलणे ग्रामस्थ ऐकतात. वाळूमाशी, जिला आरोग्य खात्यात सँडफ्लाय म्हणतात, ती डासाहून लहान असते, फार उंच उडत नाही. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात, ओलसर उकिरड्यात ती वाढते आणि प्रायः रात्री चावते. आपल्याकडील जुनी मातीची घरे व घराला चिकटून असलेले गोठे तिला सोयीचे आहेत. भेगा लिंपणे, चुना लावणे, उकिरडा घरापासून दूर नेणे, फवारणी करणाऱ्या पथकाला घरात येऊ देणे, लेकरांना अंगभर कपडे घालून मच्छरदाणीत निजविणे, हे सांगावे. निंब-गुग्गुळाचा धूप अवश्य करावा, त्यास आमची हरकत नाही. पण धूप केला म्हणून फवारणी नको, असे कोणी म्हणू लागल्यास त्यास तेथेच थांबवावे.

शेवटचा मुद्दा त्या मुक्या जीवांचा. प्राण्यांवरील प्रयोग आज मनमानेल तसे करता येत नाहीत. १९६० च्या कायद्याखाली समिती आहे, १९९८ चे नियम आहेत. तरीही हजारो उंदीर या कामी गेले आहेत. आपल्या देशात कसौली येथे जपानी मेंदूज्वराची जी लस अनेक वर्षे बनत असे, ती उंदरांच्या मेंदूतूनच काढली जाई. पुढे पेशीसंवर्धनावर बनलेल्या लसी आल्या आणि २००५ च्या गोरखपूरकडील साथीनंतर २००६ पासून त्यांच्या मोहिमा सुरू झाल्या. अहिंसेचा विचार मानणाऱ्या कित्येक वैद्यांना या प्रयोगांचे नाव काढणेही नको वाटते. त्यांची भावना आम्ही समजू शकतो. पण जे जीव गेले त्यांच्यापासून मिळालेले ज्ञान अर्धवट उचलून औषधाच्या डबीवर चिकटविणे, यास कोणत्या विचारात बसवावे?

संघटनेच्या जिल्हा शाखेपुढे आमच्या दोन सूचना आहेत. मृग नक्षत्रापूर्वी प्रत्येक सभासदाच्या चिकित्सालयात लक्षणांचा व जवळच्या रुग्णालयांच्या दूरध्वनी क्रमांकांचा एक तक्ता लावला जावा, आणि पाठविलेल्या प्रत्येक संशयित बालकाची नोंद तालुका आरोग्य अधिकाऱ्यांस त्याच दिवशी कळविली जावी. तसेच, 'प्राण्यांवरील प्रयोगांत सिद्ध' असे छापणाऱ्या निर्मात्याकडे शाखेने लेखी विचारणा करावी: प्राणी कोणता, वय किती, विषाणू कोणता, औषध केव्हा दिले, आणि प्रयोग कोठे प्रसिद्ध झाला. येतील ती उत्तरे याच त्रैमासिकात जशीच्या तशी छापावीत, आणि उत्तर न आल्यास तेही छापावे.